नायमेरियाच्या दहा हजार होड्या

कोरा कागद

परवा जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांतल्या, म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या, वेस्टेरॉसच्या कल्पित जगाचा इतिहास सांगणारं जाडजूड पुस्तक ('द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर', २०१४) पुन्हा काढलं. शोधत होतो एका घराण्याची वंशावळ, पण पान उघडलं नेमकं नायमेरियाचं. मग वंशावळ राहिली बाजूला आणि पहाटेपर्यंत मी ऱ्होइन नदीवरच.

ज्यांनी फक्त मालिका पाहिली त्यांच्यासाठी थोडक्यात. एसॉस खंडात ऱ्होइन नावाची अवाढव्य नदी आहे. तिच्या काठी ऱ्होइनार लोकांची नगरराज्यं होती : न्यी सार, क्रोयेन, सार मेल, अशी. प्रत्येक नगराला स्वतःचा राजपुत्र किंवा राजकन्या, आणि बायकांना पुरुषांच्या बरोबरीचा मान. नदी म्हणजे आई, शब्दशः. या लोकांच्या वाट्याला शेजार आला तो ड्रॅगन पाळणाऱ्या व्हलिरियाचा. कुरबुरी होत होत शेवटी क्रोयेनच्या गारिनने अडीच लाखांचं सैन्य उभं केलं आणि सगळी नगरं त्याच्यामागे गेली.

न्यी सारची राजकन्या नायमेरिया तेवढी भर सभेत म्हणाली की हे युद्ध आपण जिंकू शकत नाही. तिला ओरडून गप्प बसवलं. तिच्याच नगरातले सैनिक लढायला उतावीळ झाले होते, त्यामुळे तिलाही युतीत जावं लागलं. गारिन आधी जिंकतही गेला. तेव्हा लोक तिच्याकडे कसे बघत असतील, याची कल्पना करा! मग व्हलिरियाने म्हणे तीनशे ड्रॅगन पाठवले. सैन्य जळालं. जे पाण्यात शिरले ते तिथेच शिजले.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते. लढण्याच्या वयाचे पुरुष बहुतेक संपले होते. उरल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. नायमेरियाने नदीत तरंगणारी प्रत्येक वस्तू गोळा केली : मासेमारीच्या होड्या, मालवाहू नावा, श्रीमंतांच्या सहलीच्या नौका. त्यांत माणसं कोंबली आणि निघाली. जळलेली गावं आणि पाण्यावर फुगून आलेली प्रेतं ओलांडत, शत्रूचं व्होलांटिस शहर टाळून जुन्या प्रवाहाने समुद्रात. पुढे वर्षानुवर्षं वणवण, आणि शेवटी वेस्टेरॉसच्या दक्षिण टोकाला डॉर्नचा किनारा. तिथे उतरल्यावर तिने सगळ्या होड्या पेटवून दिल्या.

कादंबऱ्यांतली छोटी आर्या स्टार्क आपल्या लांडगीचं नाव नायमेरिया ठेवते, 'लढवय्या राणी' म्हणून. पण गंमत अशी की हे इतिहासाचं पुस्तक स्पष्ट सांगतं, तिने रणात हत्यार उचललं नाही. आणि ती राणीही नव्हती, राजकन्याच म्हणवायची. तरीही कल्पितकथांमधल्या सगळ्या तलवारवाल्या राण्या एका पारड्यात टाकल्या, तरी माझ्यासाठी ही एकटी जड आहे. हरणार हे आधी ओळखलं, तोंडावर सांगितलं, कुणी ऐकलं नाही, आणि हरल्यावर 'मी म्हटलं नव्हतं?' म्हणत न बसता होड्या मोजायला घेतल्या.

तुम्हाला ती कशी वाटते? (नावांचे उच्चार माझ्या मनाचे आहेत, त्यावरून भांडू नये.)

---

निशाचर

झकास! डॉर्न म्हटलं की मालिकेमुळे लोकांना भलतंच आठवतं, त्यामुळे असं काही वाचून बरं वाटलं.

'होड्या मोजायला घेतल्या' हे मात्र तुमच्या पदरचं. पुस्तकातला लेखक स्वतःच म्हणतो की दहा हजार हा आकडा साफ चुकीचा असू शकतो, पण याहून खात्रीचा आकडा कुणी दिलेला नाही.

---

कोरा कागद

हो, मोजणं माझ्या पदरचं. पण कुणीतरी मोजल्या असणारच की. चार घरांचं बिऱ्हाड हलवायचं म्हटलं तरी टेम्पोत काय मावेल याचा हिशोब करतो आपण.

---

पाणकावळा

बऱ्याच दिवसांनी माझ्या आवडीचा विषय निघाला. मला यात राणीपेक्षा होड्या जास्त दिसतात, काय करणार.

नदीची होडी आणि समुद्राची नौका यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. नदीतल्या होडीचा तळ सपाट, कारण उथळ पाण्यात ती टेकता कामा नये. काठ पाण्यापासून वीतभर वर, कारण लाटा नसतातच. बऱ्याचशा नुसत्या काठीने तळाला रेटा देत चालवायच्या. आता हीच होडी समुद्रात घाला. तळाला कणा नाही, त्यामुळे आडवा वारा आला की ती पुढे न जाता बाजूला सरकत राहते. काठ बुटका, त्यामुळे कंबरभर लाटसुद्धा थेट आत. आणि काठी? पाच पुरुष खोल पाण्यात काठी कुठे टेकवणार?

मार्टिनने हे बरोबर पकडलंय. पहिल्याच वादळात शंभरावर होड्या बुडाल्या. तितक्याच घाबरून मागे फिरल्या आणि व्होलांटिसच्या गुलाम-व्यापाऱ्यांच्या हातात सापडल्या. काही नुसत्या मागे पडल्या आणि पुन्हा कुणाला दिसल्या नाहीत. तो शेवटचा प्रकार मला सगळ्यात भयंकर वाटतो. रात्री शेजारच्या होडीवरचा दिवा दिसत होता, सकाळी तिथे नुसतं पाणी.

आणि पिण्याचं पाणी! एका होडीत सरासरी २० माणसं धरा. आकडा खरा मानला तर २ लाख लोक. माणशी ३ लिटर धरले तरी दिवसाला ६ लाख लिटर. पिढ्यान्‌पिढ्या हात खाली घातला की ओंजळ भरायची, अशी ही माणसं. त्यांना पिंपात पाणी भरून घ्यायचं हे सुचायलाच वेळ लागला असेल.

---

चांदणचुरा

पाणकावळा, शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. खारं पाणी पहिल्यांदा तोंडात घेणारी पोरं...

---

शंकासूर

येतो आता मी, नावाला जागायला हवं.

कौतुक समजलं. पण हिशोब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडा. बॅसिलिस्क बेटांवर चाच्यांनी चाळीसेक होड्या जाळल्या, शेकडो माणसं पळवली. मग सोथोरियोसच्या किनाऱ्यावर झामेटार आणि यीन या ओसाड शहरांत वस्ती केली. तिथे ताप, गळवं, मांस सडवणारे रोग. एके दिवशी झामेटारहून होडी यीनला गेली तर अख्खं गाव रातोरात गायब, माणूस ना प्रेत. मग नाथ बेट. तिथले लोक देवमाणूस, पण परक्यांना तिथलं वारं मानवत नाही, पटापट माणसं मेली. मग समर बेटांजवळचा एक खडक, जिथे काही पिकत नाही, तिथे उपासमार. प्रत्येक ठिकाणी नेऊन बसवणारी कोण? हीच.

आपण तिला दूरदृष्टीची म्हणतोय, कारण ती शेवटी पोचली. सहाव्या ठिकाणीही फसली असती, तर हिच्यावर कुणी धागा काढला असता का?

---

कोरा कागद

शंकासूर, मुद्दा रास्त आहे, पण पर्याय काय होते ते बघा. चाच्यांनी तिला एक सौदा देऊ केला होता : टोड बेटावर खुशाल राहा, फक्त होड्या आमच्या ताब्यात द्या आणि दरवर्षी प्रत्येक चाचेराजाला तीस कोवळ्या मुली आणि देखणी पोरं पाठवा. थकलेल्या, भुकेल्या लोकांच्या पुढाऱ्याला असा सौदा किती मोहाचा वाटतो! 'थोडे गेले तरी बाकीचे जगतील.' ती नाही म्हणाली आणि पुन्हा समुद्रात गेली. त्या नकाराची किंमत पुढे सोथोरियोसमध्ये माणसांनीच मोजली, हेही खरं. पण होकार दिला असता तर त्या दिवसापासून ऱ्होइनार संपलेच होते, नुसते जिवंत राहिले असते.

---

शंकासूर

हे मान्य. होड्या द्यायला नाही म्हणाली हे विशेष लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच होड्या तिने स्वतः जाळल्या.

---

वाचाळ

शंकासूर, तुम्हाला मान्य होतंय? तारीख लिहून ठेवतो.

होड्या जाळण्यावरून. आपल्याकडे 'परतीचे दोर कापले' म्हणतात, आणि ऐकताक्षणी डोळ्यांसमोर कडा उभा राहतो. दुनियेत सगळीकडे ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. १५१९ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोर्तेसने जहाजं जाळली असं सर्रास सांगतात. खरं तर जाळली नव्हती, निकामी करून बुडवली होती. पण बुडवण्यात तो भपका नाही ना, म्हणून लोकांनी आग लावून दिली.

मला मात्र जास्त जवळचं वाटतं ते व्हर्जिलचं 'एनिड'. ट्रॉय पडल्यावर एनियास उरलेल्या लोकांना घेऊन वर्षानुवर्षं भटकतोय. पाचव्या सर्गात सिसिलीच्या किनाऱ्यावर ट्रॉयच्या बायका कंटाळतात. पुरुष खेळांच्या स्पर्धांत दंग असताना जहाजांना आग लावतात. आता पुरे, आम्हाला इथेच राहायचंय! देवाने पाऊस पाडला म्हणून चारच जहाजं जळतात. मग एनियास थकलेल्यांना तिथेच ठेवून पुढे जातो.

आता नायमेरियाकडे बघा. तिथे बायकांनी पुढाऱ्याविरुद्ध बंड करून जहाजं जाळली. इथे पुढारी स्वतः बाई आणि तीच जाळायला सांगते. मार्टिनच्या मनात व्हर्जिल होता की नाही कोण जाणे, पण उलटा आरसा छान जमलाय.

---

निशाचर

आणि डिडोही आहे की त्यात. टायरहून पळालेली, समुद्र ओलांडून कार्थेज वसवणारी राणी. पण व्हर्जिलने तिला प्रेमात पाडून चितेवर चढवली. नायमेरियाने तीन लग्नं केली, तिन्ही हिशोबाने, आणि गादी एकाही नवऱ्याच्या हातात दिली नाही.

---

चांदणचुरा

पहिल्या लग्नाचं थोडं सांगते, कारण मला तोच भाग फार आवडतो.

ती उतरली ग्रीनब्लड नदीच्या मुखाजवळ, सँडशिप नावाच्या जुन्या गढीपाशी. तिथला मॉर्स मार्टेल तेव्हा काही मोठं प्रस्थ नव्हता. डॉर्नमध्ये डझनभर राजे एकमेकांच्या उरावर बसलेले. त्याला हवी होती माणसं, तिला हवी होती जमीन. तिच्या दहा माणसांत जवळजवळ आठ बायका, आणि त्या बायकांतली प्रत्येक चौथी लढणारी. बाकीच्याही समुद्राने घासूनपुसून कणखर केलेल्या. मॉर्सचं बळ एका रात्रीत दसपट झालं. त्याच्या शेकडो सरदारांनी, शिपायांनी ऱ्होइनार बायकांशी लग्नं केली.

होड्या पेटल्या त्या रात्री किनाऱ्यावर कोसच्या कोस आग दिसत होती आणि त्या उजेडात तिने मॉर्सला डॉर्नचा राजपुत्र म्हणून जाहीर केलं. पदवी बघा, 'राजा' नाही, 'राजपुत्र'. ऱ्होइनची पदवी. नवऱ्याला मान दिला आणि त्याच शब्दात आपलं हरवलेलं गावही बसवून टाकलं. पुढे कित्येक पिढ्या डॉर्नचे सत्ताधीश 'प्रिन्स' आणि 'प्रिन्सेस'च राहिले. थोरलं अपत्य मुलगी असेल तर गादी तिची, हा कायदाही तिथूनच. ती गेल्यावर गादी मिळाली मॉर्सपासून झालेल्या थोरल्या मुलीला. तिसऱ्या नवऱ्यापासून, म्हणजे डाव्होस डेनपासून, मुलगा होता, पण त्याला नाही.

---

गोगलगाय

मी नुसतीच वाचत असते, आज लिहिते.

मी शाळेत असताना 'अ गेम ऑफ थ्रोन्स' वाचलं (कळलं अर्धंच), तेव्हा नायमेरिया म्हणजे माझ्यासाठी फक्त लांडगी. ट्रायडंट नदीच्या काठी ती राजपुत्र जॉफ्रीचा हात चावते आणि आता तिला ठार मारतील म्हणून आर्या तिला हाकलते. ती जात नाही. शेवटी आर्या दगड मारते. तो प्रसंग मी आजही सलग वाचू शकत नाही.

आता तुमचं सगळं वाचून लक्षात आलं, नाव नुसतं शोभेला नव्हतं. लांडगीही तडीपार होते, आणि पुढच्या भागांत तीच नद्यांच्या प्रदेशात शेकडो लांडग्यांचा कळप घेऊन फिरते. जिला घर सोडावं लागलं तीच कळपाची झाली.

---

कोरा कागद

गोगलगाय, अजून लिहा हो. इतकी वर्षं पुस्तकं चाळतोय, पण हे कधी जोडून बघितलं नव्हतं.

---

पाणकावळा

+१, दगडांचा प्रसंग मलाही जमत नाही.

---

शंकासूर

लांडगीवर मीही विरघळलो. पण ज्यांच्यासाठी आलो होतो त्यांचं राहिलंच. दोन मंडळी आहेत.

एक, द्रुसेल्का. समर बेटांजवळच्या खडकावर उपासमार चालू असताना ही पुजारीण म्हणाली, मला आईची हाक ऐकू येतेय, ऱ्होइन आपल्या लेकरांना घरी बोलावतेय. बरेच लोक तिच्या मागून परत गेले. तिकडे शत्रू वाट बघतच होता. बहुतेक मारले गेले, उरलेले गुलाम झाले. पुस्तकात ही गोष्ट दोनतीन वाक्यांत संपते. इतिहासात परत जाणाऱ्यांना एवढीच जागा मिळते.

दुसरे, होड्या जळताना रडलेले लोक. ऱ्होइनारांची निशाणीच होडी. देव नदीत, घर होडीत. राणीने सांगितलं, आता भटकणं संपलं, इथेच जगायचं आणि इथेच मरायचं. पण सगळ्यांचं मन एका हुकमाने जमिनीला चिकटत नाही. त्यातले काही ग्रीनब्लडवर जाऊन राहिले. जळक्या होड्यांच्याच लाकडातून नव्या होड्या बांधल्या असं सांगतात. आणि लोकांनी त्यांना नाव दिलं, ग्रीनब्लडचे अनाथ. आई गमावलेली म्हणून अनाथ.

कोरा कागद, तुम्ही म्हणता तिने हरणार हे आधी ओळखलं. मान्य. पण तिचा तो हुकूम या अनाथांच्या बाजूने वाचून बघा. सगळ्यांचे दोर एकीनेच कापायचे, हे कुणी ठरवलं?

---

कोरा कागद

याला माझ्याकडे उत्तर नाही. होड्या ठेवल्या असत्या तर दुसरी द्रुसेल्का निघाली असती, आणि पुन्हा हजारो लोक तिच्यामागून मरायला गेले असते. हे ती एकदा बघून चुकली होती. म्हणून जाळल्या असाव्यात. पण हे 'म्हणून' माझं, पुस्तकाचं नाही. आणि रडणाऱ्यांसमोर ते पुरत नाही, हेही कळतंय.

---

वाचाळ

मध्येच एक घुसडतो, विषय सोडून नाही.

पराभवानंतर व्हलिरियाच्या लोकांनी गारिनला काय केलं? सोन्याच्या पिंजऱ्यात घालून टांगलं, आपलीच माणसं गुलाम होताना त्याने बघावं म्हणून.

आता डॉर्न. नायमेरियाचं युद्ध वर्षानुवर्षं चाललं. मॉर्स मार्टेल यॉरिक आयरनवुडच्या हातून पडला, तरी ती थांबली नाही. जिंकलेल्या सहा राजांना तिने मारलं नाही, पार उत्तरेला, वेस्टेरॉसच्या सीमेवरच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा द्यायला पाठवून दिलं. कसं? सोन्याच्या बेड्या घालून.

पिंजरा सोन्याचा, बेड्याही सोन्याच्या. ती काही विसरली नव्हती.

---

निशाचर

च्यायला! हे कधीच लक्षात आलं नव्हतं.

---

चांदणचुरा

आणि गंमत म्हणजे त्या सहा राजांनाही तिने काय दिलं? हद्दपारीच. जे स्वतःच्या वाट्याला आलं तेच.

---

शंकासूर

वाचाळ, या निरीक्षणाबद्दल तुम्हाला सगळे विनोद माफ.

आता मीच अनाथांबद्दल पुढचं सांगून टाकतो, नाहीतर रात्री झोप लागायची नाही. 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये (२०११) टिरियन, म्हणजे कादंबऱ्यांतलं ते बुटकं मुख्य पात्र, ज्या होडीतून ऱ्होइनवरून जातो, ती कुणाची आहे आठवतंय? यँड्री आणि यसिला. म्हातारं जोडपं. जन्म डॉर्नमधला, दोघंही ग्रीनब्लडचे अनाथ. मार्टिन एका ओळीत सांगून जातो की हे दोघं आईकडे परत आलेत.

कुणी त्यांच्यामागे सैन्य घेऊन आलं नाही, कुणी गाणं रचलं नाही. होडी चालवतात, पाहुण्यांना खायला घालतात, काठावरची पडकी शहरं दाखवून त्यांच्या गोष्टी सांगतात. त्याच प्रवासात एकदा पाण्यातून प्रचंड मोठं, शिंगांचं कासव वर येतं आणि हंबरतं. बाकीचे बघत राहतात. यँड्री मात्र ओरडतो की हाच तो, नदीचा म्हातारा! ऱ्होइनारांचा जुना देव. इतक्या पिढ्यांनी घरी आलेल्या माणसाने त्याला पाहताक्षणी ओळखलं.

---

पाणकावळा

आणि होडी तीच. सपाट तळाची, काठीने रेटायची.

---

कोरा कागद

पुस्तक पुन्हा काढतोय. या वेळी नायमेरियाच्या पानाआधी टिरियनची ती प्रकरणं. वंशावळ अजूनही राहिलीच आहे.